बायकोच्या मापाचे बूट

"तुझे बूट मी आणतो," असं मी एका सोमवारी सकाळी चहा पिता पिता बोलून गेलो. चहा पिताना माणूस बरंच काही बोलतो. घराला रंग काढू म्हणतो, उद्यापासून लवकर उठू म्हणतो, आणि घरातली शहाणी माणसं ते ऐकून सोडून देतात. माझ्या बायकोनेही तेच केलं. "तुम्ही नका त्यात पडू," म्हणाली आणि डबा भरायला आत गेली. तिथेच मी गप्प बसलो असतो तर आज तोंड लपवत फिरायची वेळ आली नसती. पण मला कुणी 'नका पडू' म्हटलं की मी हमखास पडतो.

आधी बुटांची गरज का पडली ते सांगायला हवं, कारण माझी नामुष्की तिथूनच सुरू होते. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं पोट दाबून बघितलं, चेहरा गंभीर केला आणि रोज सकाळी चालायला जा असं सांगितलं. मला सांगितलं, हे लक्षात घ्या. मी एकटा जाणार नाही याची खात्री असल्यामुळे बायको सोबतीला निघाली. आठवडा संपायच्या आत माझा गुडघा कुरकुरायला लागला (गुडघ्याचं काही नव्हतं, झोप येत होती) आणि मी घरी राहिलो. ती मात्र जात राहिली. मग ती भरभर चालायला लागली, मग पळायला लागली, मग गावामागच्या डोंगरावर पळणाऱ्या मंडळींच्या क्लबमध्ये गेली. औषध मला लिहून दिलं आणि गुण तिला आला. हल्ली डॉक्टर भेटले की तिची चौकशी करतात आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात.

तर या क्लबची डोंगरदौड येत्या रविवारी होती. बायकोची पहिलीच. कितीतरी महिने ती तिची तयारी करत होती. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून लोकांचं रक्त तपासायचं, घरी आल्यावर माझ्या आईचं आणि माझं बघायचं, आणि सकाळी आम्ही घोरत असताना डोंगर चढून यायचं. तिचं कौतुक कुणी केलेलं मी पाहिलं नाही. मी तर केलंच नाही. पण त्या रविवारचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा. स्वतःसाठी म्हणून तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ही एक दौड मात्र तिला हवी होती.

अडचण होती बुटांची. तिच्याकडे साधे रस्त्यावर पळायचे बूट होते, तळ झिजून गुळगुळीत झालेले. आदल्या दिवशीच उतारावरच्या खडीवरून घसरून ती कोपर सोलून घेऊन आली होती. क्लबच्या सरांनी (हे सर इतके सडसडीत आहेत की बाजूने उभे राहिले तर त्यांची सावली पडत नसावी) तिला बजावलं होतं, की डोंगरावर पळायचे बूट वेगळे असतात, ट्रेलचे, तळाला दाते असलेले. ते ताबडतोब घ्या, कारण नवे बूट काही दिवस पायात रुळल्याशिवाय दौडीत घालायचे नसतात. आणि नेमकी याच आठवड्यात लॅबमधली दुसरी बाई रजेवर. बायको घरी यायची तेव्हा दुकानं बंद झालेली असायची. अशा वेळी नवऱ्याने पुढे व्हायचं नाही तर कुणी व्हायचं?

"बूट पायात घालून बघावे लागतात," ती निघता निघता दारातून म्हणाली. "मी आज जरा लवकर सुटायचं बघते."

"अगं, इतकी वर्षं संसार केला," मी म्हणालो. "तुझ्या पायाचं माप मला माहीत नाही होय?"

तिला उशीर होत होता. "बरं, पण नीट बघून आणा," म्हणाली आणि गेली.

ती गेली आणि मला घाम फुटला. तिच्या पायाचं माप मला माहीत नव्हतं. तिचा वाढदिवस मला माहीत आहे (निदान महिना तरी पक्का माहीत आहे), तिला चहात साखर किती लागते ते मी विचारून सांगू शकतो, पण पायाचा नंबर? तिच्या जुन्या बुटात डोकावलो तर आतला आकडा घासून पुसून गेलेला. आई खिडकीशी बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती, तिला विचारलं. "बायको तुझी आहे, तिला विचार," आई म्हणाली. पण एवढं छातीठोकपणे बोलून झाल्यावर तिला विचारायला तोंड कुठे उरलं होतं?

तेवढ्यात मला स्वयंपाकघराच्या दाराशी तिच्या घरात घालायच्या स्लिपर दिसल्या. निळ्या. रोज घरी आली की ती याच निळ्या स्लिपर घालून फटक फटक आवाज करत घरभर फिरते (मी कितीदा तिला म्हटलं आहे, की जरा पाय उचलून चालत जा). पायाचं माप घ्यायला आणखी काय हवं? एवढी हुशारी मला क्वचित सुचते. त्यातली एक स्लिपर कागदात गुंडाळून मी ऑफिसच्या बॅगेत टाकली. माझ्या मरून रंगाच्या स्लिपर शेजारीच होत्या. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर हेडक्लार्क आहे. आमच्याकडे लोक पुराव्यासकट येतात. गढूळ पाण्याच्या बाटल्या आणतात, नळातून पडलेले गंजाचे पोपडे आणतात. एकदा एका बाईंनी नळातून आलेली गोगलगाय डबीत घालून आणली होती. त्या दिवशी साहेबांनी घाईने एक फाईल मागितली, मी घाईने बॅगेतून ती ओढली, आणि तिच्याबरोबर कागदातून सुटलेली स्लिपर साहेबांच्या टेबलावर जाऊन पडली.

साहेबांनी चष्मा लावला. "ही कुठल्या लाईनमधून निघाली?"

'साहेब, ही माझ्या बायकोची आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर दोन इंजिनियर बसले होते. "चौकशी चालू आहे, साहेब," मी म्हणालो. (आमच्या खात्यात हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं.) साहेबांनी स्लिपर उलटीसुलटी करून बघितली, इंजिनियरांनी ती केवढ्या पाईपमधून येऊ शकेल यावर आपापली मतं मांडली, आणि तिला नमुन्यांच्या कपाटात ठेवायचा हुकूम झाला. जेवणाच्या सुट्टीत कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या शिपायाच्या हातापाया पडून मी ती सोडवून आणली. त्या लाईनची तपासणी अजून चालू आहे असं ऐकतो. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

संध्याकाळी दुकान गाठलं. चारी भिंतींवर छतापर्यंत बूट होते आणि मधोमध जांभई दाबत उभ्या असलेल्या एक विक्रेत्या बाई. कुणासाठी हवेत, कशासाठी हवेत, हे मी सांगितल्यावर त्यांनी पाठ केलेले प्रश्न एका सुरात विचारायला सुरुवात केली.

"पाय रुंद आहे की अरुंद?"

"मध्यम," मी म्हणालो. शंका असली की मी कायम मध्यम सांगतो.

"दोन्ही पाय सारखे?"

"माझ्या माहितीप्रमाणे."

"चढ जास्त असतो की उतार?"

हा प्रश्न मात्र माझ्या आवाक्यातला होता. "समान," मी म्हणालो. "जेवढं चढायचं तेवढंच उतरायचं. नाहीतर ती घरी कशी येईल?"

बाईंनी जांभई अर्धवटच सोडली. मग त्यांनी विचारलं, की टाच सुटते का, उतरताना बोटं पुढे आपटतात का, नखं काळी पडतात का. माझ्या बायकोची नखं कुठल्या रंगाची आहेत ते मला सांगता येईना. त्यांनाच घेऊन या, बाई म्हणाल्या; पाय दिवसभरात फुगतात, तेव्हा संध्याकाळी आणा, आणि पळायचे मोजे घालून आणा. मी म्हटलं, ती कामात असते, आणि काउंटरवर स्लिपर ठेवली. बाईंनी ती पट्टीवर मापली. मग माझ्या बॅगेकडे, माझ्याकडे आणि पुन्हा स्लिपरकडे बघितलं.

"मॅडम उंच आहेत वाटतं."

"माझ्या खांद्याला लागते," मी अभिमानाने सांगितलं.

बाईंच्या भुवया वर गेल्या, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असं त्यांना बजावलेलं असावं. ट्रेलच्या बुटात बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी लागते, एवढंच त्या म्हणाल्या. मी लगेच माझा अंगठा पुढे केला. अशा रीतीने स्लिपरचं माप अधिक माझा अंगठा, एवढे बूट मी बांधून घेतले. रंग केशरी घेतला, म्हणजे ती डोंगरात हरवली तरी विमानातून दिसेल.

इथपर्यंत जे झालं ते मी अज्ञानाच्या नावाखाली खपवलं असतं. पण खोका काखेत मारून घरी निघालो आणि वाटेत मला दुसरी हुशारी सुचली. नवे बूट रुळायला हवेत असं सर म्हणाले होते. बायकोला या आठवड्यात वेळ कुठे होता? आमच्या ऑफिसात काम कुणी केलं याला फारसं महत्त्व नसतं. झालं की नाही एवढंच बघतात. बूट रुळण्याशी मतलब, मग ते मी रुळवले म्हणून काय बिघडलं? आठवडाभर आपण घालायचे, मऊ करायचे आणि शुक्रवारी तिच्या पुढ्यात आयते रुळलेले बूट ठेवायचे. तिला किती बरं वाटेल, या विचाराने मलाच बरं वाटायला लागलं.

म्हणून घरी मी थाप मारली. बूट घेतलेत, पण तुझ्या नंबरचे बाहेरून मागवावे लागले, शुक्रवारी मिळतील, असं सांगितलं. तिचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाली, "असू दे. तुम्ही आठवणीने गेलात, तेच खूप झालं." हे तिचं वाक्य आठवलं की अजूनही मला कुठे बघावं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की गेटबाहेर जाऊन केशरी बूट चढवायचे आणि डोंगराच्या पायथ्याची वाट धरायची, असा माझा क्रम सुरू झाला. पहिल्यांदा पाय घातला आणि मी थक्क झालो. बूट मला बेतून शिवल्यासारखे बसले. टाच घट्ट, बोटं मोकळी, पाऊल टाकलं की जमीन मऊ वाटावी असे. बायकोचे बूट मला इतके नेमके बसावेत! एकत्र राहून राहून आम्हा दोघांचे पायसुद्धा एका मापाचे झाले, या कल्पनेने मला वाटेवर उभ्या उभ्या भरून आलं. आपल्या खांद्याला लागणाऱ्या बाईचा पाय आपल्याएवढा कसा, हा प्रश्न भरून आलेल्या माणसाला पडत नाही.

खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. डॉक्टरांना जे जमलं नाही ते बुटांनी करून दाखवलं. आज झाडापर्यंत, उद्या पहिल्या वळणापर्यंत, असा मी रोज थोडा पुढे जाऊ लागलो. वाटेत भेटणाऱ्यांना 'बायकोचे बूट रुळवतोय' असं सांगायचो आणि ते घाईघाईने पुढे निघून जायचे. गुरुवारी ओढा ओलांडायचा मोह झाला आणि मी घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. बूट ऑफिसातल्या नळाखाली धुतले (पाणीपुरवठा खात्याच्या नळाला पाणी असतं, एवढी एक सोय आहे). तळाच्या दात्यांत अडकलेला चिखल टाचणीने काढायचा प्रयत्न केला. बराचसा निघाला, असं तेव्हा मला वाटलं.

शुक्रवारी बायको घरी आली, हातपाय धुऊन खुर्चीवर बसली, आणि मी खोका तिच्या पुढ्यात ठेवला. आईलाही बाहेर बोलावलं, कारण कौतुकाला साक्षीदार असलेला बरा. बायकोने एक बूट हातात घेतला. नाकाजवळ नेऊन पुन्हा दूर धरला. मग पळायचे मोजे चढवून पाय आत घातला. पाय आत गेला आणि जातच राहिला. नाडी आवळली तर बुटाच्या दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या. ती उठून उभी राहिली. पहिल्या पावलाला टाच बाहेर आली, दुसऱ्या पावलाला बूट जागेवर राहिला आणि ती पुढे गेली.

"अहो, हे तुमच्या मापाचे आहेत," ती म्हणाली.

"छे, तुझ्याच. तुझी स्लिपर नेऊन माप दिलंय मी." मी निळी स्लिपर उचलून पुराव्यादाखल दाखवली.

आई इतका वेळ चष्म्यातून बघत होती. "अरे, ती तुझी," म्हणाली.

"माझी मरून आहे, आई."

"मरून तिची. निळी तुझ्यासाठी आणलेली. तू तिच्या स्लिपरमध्ये पाय कोंबतोस, म्हणून ती बिचारी तुझ्या घालते. ह्याच जोडीचं नाही सांगत मी. लग्न होऊन ती ह्या घरात आली, तेव्हापासून प्रत्येक जोडीचं हेच चाललंय."

मी खाली बघितलं. मरून स्लिपरच्या मागे माझी टाच चांगली दोन बोटं बाहेर येऊन फरशीवर टेकली होती. ती इतकी वर्षं फरशीवर टेकत होती, आणि मला वाटायचं, स्लिपर अशाच असतात.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी बायकोला विचारलं. (अशा वेळी मी नेहमी प्रश्न विचारतो.)

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात आणि पुन्हा त्यातच पाय घातलात. मग एकदा दोन्ही जोड्या मोठ्या आणल्या, तर ढगळ आहेत म्हणून तुम्हीच बदलायला लावल्यात. शेवटी मी मोठ्या स्लिपरमध्ये चालायला शिकले."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस पडून गेला असं सांगावं तसं सांगितलं. आणि मी तिला पाय उचलून चालायचे धडे देत होतो. मला इतकी लाज वाटली की त्या स्लिपरमधून पाय काढावा की राहू द्यावा तेही कळेना. तोवर तिने बूट उलटा करून तळ बघितला होता. दात्यांतला वाळका चिखल तिने नखाने उकरला आणि माझ्याकडे बघितलं. मग मला रुळवण्याची सगळी हकीकत सांगावी लागली. बाहेरून मागवल्याची थापही त्यातच बाहेर पडली.

तिने आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि मोजे काढून त्यांची घडी घालत राहिली.

"सोमवारी मी लवकर सुटणार होते," ती म्हणाली. "मॅडमना विचारूनही ठेवलं होतं. तुम्ही जाताय म्हणून त्यांना नको म्हणून सांगितलं. बूट कुणी आणून द्यावेत असं माझं काही नव्हतं हो. मला हे मधले दिवस हवे होते."

आई नेहमी अशा वेळी माझी बाजू घेते. त्या दिवशी ती बायकोच्या शेजारी जाऊन बसली.

शनिवारी लॅब दुपारी सुटते. आम्ही दोघं दुकानात गेलो. विक्रेत्या बाईंनी मला ओळखलं, केशरी बूट उलटा केला आणि थोडी माती काउंटरवर झटकली. वापरलेले बूट परत घेत नाही, म्हणाल्या, आणि कुणी वापरले म्हणून विचारलं. मी शाळेत करायचो तसा हात वर केला.

मग त्यांनी बायकोला तेच सगळे प्रश्न विचारले आणि ती पटापट उत्तरं देत गेली. पाय पुढे रुंद, टाच अरुंद. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा. उतारावर बोटं पुढे आपटतात. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने मोजा काढला तेव्हा तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं दिसलं. किती दिवसांपासून ते तसं आहे, हे विचारायचीही मला लाज वाटली. दुकानातल्या लाकडी उतारावर ती वर गेली, खाली आली, एक जोडी नको म्हणाली, दुसरी नको म्हणाली. तिच्या मापाची शेवटची एकच जोडी उरली होती, राखाडी. ती घालून उतारावरून खाली आली, थांबली, आतल्या आत बोटं हलवून बघितली आणि हसली. बुटांकडे बघून हसली, माझ्याकडे बघून नव्हे.

दुकानातून ती पायीच निघाली, तेवढेच बूट पायाला ओळखीचे होतील म्हणून. मी शेजारून चालायला लागलो, तर म्हणाली, "तुम्ही बसने या." घरी आल्यावरही संध्याकाळभर ती जिन्यावर चढउतार करत होती. सरांना तिने फोन केला. ते म्हणाले, एका दिवसाच्या बुटांवर मी पळू देत नाही, पण तुमची एवढी तयारी झाली आहे. पळा, आणि चावायला लागले तर मध्येच थांबा, पाय सोलून घेऊ नका. मध्येच थांबा. एवढ्या महिन्यांनंतर. आणि ते कुणामुळे, हे घरातल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती.

रविवारी मी तिच्याबरोबर गेलो. खिशात मलम, कापूस आणि जखमेच्या पट्ट्या घेतल्या होत्या, पिशवीत तिचे जुने बूट. माझ्या पायात अर्थातच केशरी होते. क्लबच्या सगळ्या बायकांना पिवळे टी-शर्ट आणि पिवळ्या टोप्या दिलेल्या. सुटायच्या आधी मी तिला सावकाश जा म्हणालो, दुखलं की थांब म्हणालो. तिने मान हलवली आणि ती त्या पिवळ्या गर्दीत मिसळून गेली.

मी शेवटच्या उतारावरचं वळण गाठून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पहिल्या पिवळ्या टोप्या यायला लागल्या, तेव्हा त्यांच्याकडे मी लक्षही दिलं नाही. माझा हिशेब सरळ होता. नवे बूट, पायाला फोड, म्हणजे ती मागेच असणार. भराभर खाली येणाऱ्यांत तिला शोधून काय उपयोग? मी त्यांच्या डोक्यांवरून वर, डोंगराकडे बघत राहिलो. एक एक पिवळी टोपी वळणावर दिसली की मी खिशातलं मलम चाचपायचो, आणि ती धडधाकट पळते आहे असं दिसलं की मी नजर पुन्हा वर न्यायचो.

आणि अखेर ती आली. टोपी डोळ्यांवर ओढलेली, मान खाली, अंगभर धूळ, आणि डावा पाय ओढत ओढत.

मी वाटेवर उतरलो आणि तिच्या मागून पळायला लागलो. (पळायला. मी. बूट खरोखरच उत्तम आहेत.) "चुकलो मी, थांब, मलम लावतो," मी ओरडलो. ती थांबली नाही. उलट मागे न बघता जरा जोरात निघाली. साहजिक होतं, ती रागावलेली होती. मग मी धावता धावता सगळंच कबूल करून टाकलं. तुझ्या पायाचं माप मला कधीच माहीत नव्हतं, म्हणालो. तुझ्या स्लिपर मी लाटल्या, रुळवायच्या नावाखाली मीच मजा केली, यापुढे तुझ्यासाठी काही म्हणजे काही आणणार नाही, म्हणालो. "तुझ्या नखाकडेसुद्धा मी कधी नीट बघितलं नाही गं," असं मी ओरडलो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांच्या टाळ्या थांबल्या. ती तर आता लंगडायचंही विसरली होती. शेवटच्या टप्प्यात तिने पुढच्या तिघीचौघींना मागे टाकलं आणि शेवटची रेघ ओलांडली. मागोमाग मीही ओलांडली.

तिने धापा टाकत टोपी काढली. ती माझी बायको नव्हती.

क्लबमधल्याच कुणी बाई होत्या त्या. आणि त्यांच्या पलीकडे, पाण्याच्या टेबलाशी, माझी बायको उभी होती. गळ्यात पदक, हातात अर्धं सोललेलं केळं, चेहऱ्यावरचा घाम केव्हाच वाळलेला. राखाडी बूट धुळीने भरले होते आणि ती दोन्ही पायांवर व्यवस्थित उभी होती. पहिल्या पिवळ्या टोप्यांतच ती खाली आली होती, माझ्या पुढ्यातून. मी तेव्हा मागच्यांत तिला शोधत होतो. माझी सगळी माफी तिने तिथे उभी राहून ऐकली होती. तिनेच नव्हे, सगळ्या मैदानाने.

त्या बाई घाईने तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या आडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, हे कोण आहेत? वळणापासून मागे लागलेत माझ्या. रडत काय होते, नखांचं काय बोलत होते."

बायकोने माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून केशरी बुटांपर्यंत, अगदी सावकाश. तोंडातला केळ्याचा घास संपवला.

"ओळखीचे आहेत," ती म्हणाली.

तेवढी तरी ओळख तिने दाखवली, याचं मला त्या वेळी फार बरं वाटलं.